धुरपदाबाईची दाढ

तामलवाडीच्या धुरपदाबाईचं तोंड बंद कधी असतं, असं कुणी विचारलं तर गल्ली म्हणायची, झोपेत. तिचा नवरा महारुद्र म्हणायचा, "झोपेत बी न्हाय. म्या शेजारी निजतो, मला इचारा." बाई बोलायची म्हणजे पाट सोडल्यावाणी बोलायची. द्राक्षाच्या विरळणीला, घडातले जादा मणी कातरायला, बायांची टोळी घेऊन बागेत शिरली की कात्री आणि तोंड एकदमच चालू व्हायचं, आणि संध्याकाळी थांबायची ती फक्त कात्री. आश्विनात सोलापूरकडून तुळजापूरला चालत जाणारी माणसं हायवेला लागली की ही चहाचं पातेलं घेऊन रस्त्याकडेला बसायची, आणि चहा कपात पडायच्या आत समोरच्याच्या लेकीबाळींची चौकशी करून मोकळी व्हायची. कुठं दुखलं-खुपलं तर मग विचारूच नका. टाचेत बाभळीचा काटा मोडला तर काटा निघायच्या आधी खबर वेशीपर्यंत. "अगं बया, जीव चालला की गं माझा," म्हणत ती लंगडायची, आणि लंगडत लंगडतच गिरणीत दळण टाकून यायची.

महारुद्र तिच्या उलटा. त्याच्या तोंडून शब्द निघायचा म्हणजे विहिरीतून गाळ काढल्यासारखा. पण गावात मान मोठा. भावकीत बांधाचा तंटा झाला की याला बोलावणं यायचं, आणि हा म्हणंल ते दोन्हीकडची माणसं खाली मान घालून ऐकायची. "महारुद्र म्हणतोय नव्हं, मग खरं." अशी सवय लागलेला माणूस घरात वागवणं लई अवघड. आपण बोललो म्हणजे ते खरंच, असं त्याला वाटायला लागतं.

तर या बोलक्या बाईची एक दाढ किडली. वरची, उजवीकडची. ठणका असा की बाईनं शेजारपाजार डोक्यावर घेतला. महारुद्र म्हणाला, "उपटून टाक. कटकट मिटंल."

"अन् डोळे गेले म्हंजी?" धुरपदाबाई म्हणाली.

वरचा दात काढला की नजर जाते, हे तिच्या माहेरी, तिकडं मुरुमकडं, बारशापासून सांगत आलेत. तिची चुलती असाच वरचा दात काढून आली आणि पुढं तिला सुईत दोरा ओवता येईना. चुलती तेव्हा किती म्हातारी होती, ते कुणी लक्षात घेत नाही. शेवटी तुळजापूरच्या एका दातांच्या दवाखान्यात रूट कॅनाल केलं. दाढेच्या मुळांत बारीक नळ्या असतात. त्या कोरायच्या, आतली कुजकी नस काढून टाकायची, नळ्या भरून घ्यायच्या आणि वर टोपी बसवायची. बाई खूश. टोपी बघायला शेजारणी तिच्या तोंडात डोकावून गेल्या.

पावसाळा बरा गेला. सुगीला दाढ परत उठली.

या वेळचं दुखणं वेगळं होतं, आणि ते कसं वेगळं हे धुरपदाबाईनं भेटंल त्याला सांगितलं. "आधी घण बसल्यागत ठणकायचं. आता तसं न्हाय. आता गाल जड हुतोय, भरल्या घागरीवाणी. खाली वाकलं की समदं डोळ्याखाली येऊन बसतंय. अन् वास येतोय घाण, ह्या एकाच नाकपुडीत." तुळजापूरच्या डॉक्टरनं परत एक्स-रे काढला, उजेडासमोर धरला आणि महारुद्रला जवळ बोलावलं.

"हे बघा काका. तीन मुळं, तीन नळ्या, तिन्ही टोकापर्यंत भरलेल्या. काम स्वच्छ आहे. या दाताला आता नसच नाही, तर दुखेल कसं?"

डॉक्टर काही लबाड नव्हता. त्या फोटोत दिसत होतं ते त्यानं सांगितलं, मिसरी सोडा म्हणाला आणि पुढचा पेशंट घेतला. पण नसच न्हाय तर दुखंल कसं, हे वाक्य महारुद्रला असं पटलं की त्यानं ते घरी आणलं. जेवताना तेच, पारावर तेच, बायको गालाला हात लावायला लागली की तेच. एरवी दिवसाकाठी चार शब्द बोलणारा गडी, पण हे वाक्य त्याच्या तोंडात कसं भाकरीसारखं बसलं. धुरपदाबाईनं मिसरीसुद्धा सोडली. पोरपणापासूनची तलफ, सकाळी चिमूटभर बोटावर घेतल्याशिवाय तिला चूल सुचत नव्हती, पण सोडली. दाढ काही थांबली नाही. मग घरात निघालं की मिसरी सुटली म्हणून डोकं फिरलंय.

त्याच वर्षी त्यांच्या पोराचं, रणधीरचं लग्न झालं आणि अर्पिता सून म्हणून घरात आली. झालं! गल्लीला आयतंच मिळालं. "सून आली अन् सासूची दाढ उठली," असं म्हणून बाया पदराआड हसायच्या. अर्पिता बिचारी काही बोलायची नाही, मुकाट्यानं सासूच्या वाटणीचंही काम ओढायची. सून मुकाट राबते आणि सासू गाल धरून बसते, हेच महारुद्रच्या डोळ्यांत जास्त खुपायला लागलं.

पुढच्या सालच्या सोयाबीनच्या काढणीला तर कहर झाला. धुरपदाबाई पात धरायची, दोन हात काढणी करायची आणि गाल दाबून बांधावर येऊन बसायची. वाकलं की कळ डोळ्यात शिरायची. समोर दहा-बारा बाया रोजानं लावलेल्या. महारुद्र बांधावरून चालत आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "लावलं का सोंग? सोंगाडी कुठली."

बायांचे विळे थांबले. धुरपदाबाई उठून उभी राहिली.

"माझं तोंड हाय. मला कळतंय का डाक्टरला कळतंय?"

"फोटोत काय न्हाय."

"मंग फोटूला दुखत नसंल! मला दुखायलंय!"

हे तिनं ओरडून सांगितलं. तिला वाटलं, ओरडलं तर ऐकू जाईल. महारुद्र पाठ फिरवून विहिरीवरच्या मोटारीकडं निघून गेला. संध्याकाळी ती त्याच्यापुढं ताट वाढून बसली आणि म्हणाली, "असं करू या. तुळजापूरच्या आईपाशी चला. आईलाच इचारा."

तुळजापूरच्या देवळात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्याच्यावर दोन्ही तळहात ठेवायचे आणि मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही, जागचा हलला नाही तर काम लांबलं. पोरीचं लग्न जमंल का, बोअरला पाणी लागंल का, असलं विचारायला माणसं तिथं रांग लावतात. बायकोची दाढ खरोखर दुखते का, हे विचारायला गेलेला महारुद्र बहुतेक पहिलाच. कोजागिरी होऊन गेली होती, गर्दी ओसरली होती. धुरपदाबाई न्हाऊन, नवं लुगडं नेसून आली होती. तिला काडीचा घोर नव्हता. आई सगळं बघते, मग हेही बघितलं असणारच.

"तुमीच हात ठेवा," ती त्याला म्हणाली. "म्या ठेवले अन् फिरला, तर म्हणाल हिनंच फिरवला."

महारुद्र दगडापुढं बसला. हात ठेवले, डोळे मिटले. दगड आधी हललाच नाही. मग हळूच हलला, आणि डावीकडं फिरला.

आता देवीला कशाला मध्ये ओढायचं? दगडावर हात कुणाचे होते? आपल्या उजव्या पंजाला जोर चढलाय हे महारुद्रला त्याच क्षणी कळलं होतं. ठरवून केलं होतं असं म्हणता येत नाही. पण वर्षभर जे वाक्य तोंडात घोळवलं, ते हातात उतरलं. कळलं त्याला, आणि ते त्यानं तिथंच गिळलं. डोळे उघडले तर बायको त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"न्हाय म्हणली?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"आईच म्हणली का तसं?"

"व्हय."

भांडंल, रडंल, पुजाऱ्याला मध्ये घेईल, असं त्याला वाटलं होतं. धुरपदाबाईनं दगडापुढं वाकून नमस्कार केला. वाकताना गाल धरला होता, तो हात तिनं पटकन खाली घेतला, चोरी पकडल्यासारखा. "मंग मलाच भास हुतोय," ती म्हणाली. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ती घरापर्यंत गप्प आली.

त्या दिवसापासून घरात दाढेचं नाव निघालं नाही. महारुद्र पारावर सांगायचा, आईनं बरं केलं. लोक हात जोडायचे. बाकी बाईचं बोलणं हळूहळू आटत चाललं, ते कुणाच्या ध्यानात यायला वेळ लागला. विरळणीच्या बाया म्हणायच्या, मामी, आज अळीमिळी का? ती हसायची. आधी दुखण्याचं बोलणं बंद झालं, मग त्याच्यासोबत काटा, चटका, पाठ, गुडघा सगळंच बंद झालं, आणि एकदा आपल्या अंगाचं काही सांगायचं नाही असं ठरल्यावर बाकीचं तरी काय सांगणार? एकदा महारुद्र पाणी प्यायला आत गेला, तर ती माठाला उजवा गाल लावून डोळे मिटून उभी. त्यानं बघितलं. तिनं त्याला बघितलं नाही. तो पाणी न पिताच बाहेर आला, आणि बाहेर येऊन स्वतःलाच म्हणाला, भास हाय तिला.

अशी दोन वर्षं गेली.

गेल्या उन्हाळ्यात महारुद्र दुपारचा जेवायला बसला होता. भाजलेल्या हरभऱ्यात खडा निघाला आणि त्याच्या खालच्या दाढेचा टवका उडाला. आई गं! अशी बोंब मारली की बाजूच्या घरातली माणसं हातातला घास टाकून पळत आली. गडी ओसरीवर आडवा झाला, पाय झाडायला लागला. रणधीरनं गाडी काढली. अर्पिता मिठाचं कोमट पाणी घेऊन धावली, "मामा, चूळ भरा, मामा." धुरपदाबाईनं लवंग कुटून आणली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि दाढेत दाबली. दाखव बरं कुठं दुखतंय, असं एकानंही विचारलं नाही. खरंच दुखतंय का, हे तर कुणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते उगाच नाही. पण खरं सांगायचं तर महारुद्रला तेव्हाही कळलं नाही. तो आपल्याच दाढेत गुंतला होता.

सोलापूरला रणधीरच्या ओळखीनं डॉक्टर प्रीती म्हणून एक बाई होत्या, फक्त मुळांचंच काम करणाऱ्या. त्यांनी सुई दिली, दाढ उघडली, कळ थांबवली. महारुद्र लुळा ओठ घेऊन बाहेर बाकावर येऊन बसला. पथ्य सांगायला डॉक्टरीण बाहेर आल्या. धुरपदाबाई कपातला चहा मान वाकडी करून डाव्या अंगानं पीत होती, आणि उजवा पंजा गालावर होता.

"मावशी, गाल का धरलाय?"

"काय न्हाय. सवय हाय."

"दुखतंय का?"

धुरपदाबाईनं आधी नवऱ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "न्हाय. मला तसं वाटतंय, पर न्हाय."

डॉक्टरीण तिथंच तिच्याशेजारी बसल्या. "वाटतंय म्हणजे?"

"भास हुतोय. देवळात इचारलं हुतं आमी."

डॉक्टरीण हसल्या नाहीत. हाताला धरून तिला आत घेऊन गेल्या आणि खुर्चीवर बसवलं. आरशाच्या दांडीनं एकेक दात टकटक वाजवत गेल्या, आणि टोपीच्या दाढेवर दांडी टेकली तशी बाईच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं. तरी तोंडानं म्हणते कशी, "काय न्हाय, काय न्हाय." एक्स-रे काढला. पडद्यावर तीच दाढ, त्याच तीन पांढऱ्या रेघा, टोकापर्यंत. दारात उभ्या असलेल्या महारुद्रला, खोटं कशाला बोला, आतून बरं वाटलं. लुळ्या ओठानं तो बोललाच, "नशच न्हाय, तल दुखंल कशं?"

"काका, हा फोटो सपाट असतो," डॉक्टरीण म्हणाल्या. "दोन माणसं एकामागं एक उभी केली आणि समोरून फोटो काढला, तर मागचा दिसतो का? वरच्या दाढेच्या पुढच्या मुळात पुष्कळदा दोन नळ्या असतात. एक दिसते, दुसरी तिच्या आड असते. त्यात गालाचं हाडही मध्ये येतं. म्हणून दुसरा एक फोटो आहे, थ्री-डी. यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि चहूबाजूंनी बघतं. तो काढू आणि मग बोलू."

स्कॅनचं सेंटर पलीकडच्याच गल्लीत होतं. तिथल्या मुलीनं सांगितलं, अंगावरचं सोनं-नाणं, पिना, सगळं काढून ठेवा. धुरपदाबाईनं कानातली फुलं काढली, केसातले आकडे काढले, आणि मंगळसूत्रापाशी तिचा हात अडला. लग्न झाल्यापासून ते गळ्यातून उतरलं नव्हतं. तिनं ते काढलं आणि महारुद्रच्या ओंजळीत ठेवलं. काचेपलीकडं ती उभी राहिली, हनुवटी टेकवली, दातांत काडी धरली.

"मावशी, आता हलायचं नाही, बोलायचं नाही."

"बोलायचं न्हाय तर जमतंय मला आता," ती म्हणाली.

मुलगी हसली, तिला ती गंमत वाटली. यंत्राचा हात बाईच्या डोक्याभोवती हळूच एक चक्कर मारून थांबला. तेवढंच. महारुद्र बायकोचं मंगळसूत्र ओंजळीत धरून काचेबाहेर उभा होता, आणि पहिल्यांदाच त्याला भीती वाटायला लागली. आत काही निघू नये, असं त्याला वाटलं. आणि लगेच वाटलं, काही निघालंच नाही तर ही बाई मरेपर्यंत अशीच गप्प राहणार. दोन्हीकडून तोच अडकला होता.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना पडद्यासमोर बसवलं. रणधीर मागं उभा राहिला. बाईंचं बोट फिरायचं तशी पडद्यावरची दाढ आडवी कापली जायची, पेरूच्या चकत्या कराव्यात तशी, आणि एकेक चकती पुढं यायची.

"हे तीन पांढरे ठिपके म्हणजे भरलेल्या नळ्या. दिसल्या? आता या पुढच्या मुळात बघा. पांढऱ्या ठिपक्याच्या शेजारी हा काळा ठिपका. ही चौथी नळी. हिला कुणी हात लावलेला नाही. आतली घाण आतच राहिली." मग त्यांनी दाढ उभी कापली. मुळाच्या टोकाला काळं भगदाड होतं, आणि त्याच्या वरचं हाड कागदासारखं पातळ. "इथं हाड खाल्लंय. वर ही नाकाशेजारची पोकळी, तिच्यात सूज आहे. वाकलं की गाल जड व्हायचा ना, मावशी? एकाच नाकपुडीत वास यायचा? तुम्ही सांगाल ते सगळं इथं दिसतंय."

"हे कवापासून आसंल?" रणधीरनं विचारलं.

"जुनं आहे. वर्षांचं. आधीच्या डॉक्टरांना साध्या फोटोत हे दिसणं अवघडच होतं. पण पेशंट दुखतंय म्हणतोय, तर शोधायला हवं होतं. एवढंच."

एवढंच! महारुद्रच्या कानशिलात कुणी हाणली असती तर बरं, असं झालं त्याला. धुरपदाबाई पडद्याकडं टक लावून बघत होती. ती खूश झाली नाही, रागावली नाही. तिनं डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं, "म्हंजी... दुखत हुतं?"

"हो मावशी. दुखतच होतं."

"मला?"

"तुम्हालाच."

रणधीर तोंड फिरवून बाहेर निघून गेला. धुरपदाबाईनं पदर तोंडाला लावला आणि हुंदका आतच दाबला. तिथंही आवाज केला नाही.

परतताना हायवेला एका रसवंतीपाशी रणधीरनं गाडी थांबवली आणि रस आणायला उतरला. मागच्या सीटवर दोघंच. महारुद्रच्या ओठाचा लुळेपणा उतरला होता, आता न बोलायला काही सबब नव्हती. मंगळसूत्र अजून त्याच्याच खिशात होतं, ते त्यानं तिच्या हातात दिलं.

"दगड फिरला न्हाय," तो म्हणाला. "म्या फिरवला."

तिनं मान वळवली.

"आई काय म्हणलीच न्हाय. माझाच हात रेटला गेला. मला तवाच कळलं हुतं."

आता ही फाडफाड बोलंल, गाडीतून उतरंल, रस्त्यावर चार माणसं गोळा करंल. करू दे. त्याला मनापासून वाटत होतं की करावं. धुरपदाबाई मंगळसूत्राचे मणी बोटांनी सारखे करत बसली.

"म्या रोज दिवा लावताना आईला म्हणायचे," ती म्हणाली, "माज्या मनातली लबाडी काढ. दुखत नसताना दुखायलंय म्हणून वाटतंय मला, ती बुद्धी काढ. दोन वरसं म्हणले." मग म्हणाली, "आई म्हणली आसंल, ह्या बाईला काय याड लागलंय."

"चुकलं माझं," तो म्हणाला. आयुष्यात हा शब्द त्यानं कुणापुढं काढला नव्हता. "लई चुकलं, धुरपदे." तिनं मान हलवली. तेवढ्यात रणधीर रसाचे ग्लास घेऊन आला, आणि तिनं आपला ग्लास डाव्या अंगानं प्यायला सुरुवात केली.

दाढेचं काम नीट झालं, ते सांगायलाच हवं. डॉक्टर प्रीतींनी टोपी काढली, दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघत ती चौथी नळी हुडकली, धुऊन काढली, औषध भरून ठेवलं, पुढच्या खेपेला पक्की भरली. नाकातला वास गेला. गालाचा जडपणा गेला. दिवाळीनंतर परत स्कॅन केलं, तर काळ्या भगदाडाच्या जागी नवं हाड धरायला लागलं होतं. दात काढावा लागला नाही, नजरही शाबूत राहिली. महारुद्रनं पारावर बसून, ज्यांना सांगितलं होतं त्या सगळ्यांना सांगितलं, "बायको खरी हुती. म्या खोटा हुतो." लोक म्हणाले, आता बरं हाय नव्हं, मग झालं तर. गावाचं काय जातं! घरी तो आता पहिल्यापेक्षा जास्त बोलतो. सकाळी विचारतो, संध्याकाळी विचारतो. गुडघा कसाय, पाठ कशीय, झोप लागली का. ती म्हणते, बरंय. खरंच बरंय का, हे त्याला कळायला मार्ग नाही. आतलं बघायचं यंत्र आहे, पण रोज सकाळी बायकोला त्याच्यापुढं उभी करता येत नाही.

परवा बागेत मांडवाची तार ओढताना सटकली आणि धुरपदाबाईचा तळहात अंगठ्यापासून मनगटापर्यंत फाटला. हातातून रक्ताची धार लागली. बाया ओरडल्या. महारुद्र दोन ओळी तुडवत पळत आला, डोक्याचं पागोटं सोडून त्यानं तिचा हात गुंडाळला.

"लई दुखायलंय का गं?"

धुरपदाबाईनं हाताकडं बघितलं. मग त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"तुमास्नी काय वाटतं?" तिनं विचारलं.

त्यात टोमणा असता तर महारुद्र सुटला असता. ती खरंच विचारत होती, आणि तो काय सांगतो याची वाट बघत उभी होती.